न लिहिण्यासारखं

पिपरी मेघे,
९ एप्रिल २०२५

चि. काजल,
अनेक आशीर्वाद.

कंपाउंडपलीकडच्या तुझ्या पेरूला रोज पाणी घालते आहे, त्याची काळजी करू नकोस. झाड मात्र माझ्यावर रुसलेलं दिसतं. तू शनिवारी हिंगणीहून आलीस की टवटवीत होतं आणि सोमवारी तू शाळेवर परत गेलीस की माना टाकतं. वर्गातल्या काही मुली अशाच असायच्या, लाडक्या बाई रजेवर गेल्या की दुसऱ्या बाईंपुढे तोंड उघडायच्या नाहीत.

पण पत्र पेरूसाठी नाही. फोन करणार होते, पण कानाचं यंत्र लावून फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या ले-आउटला ऐकवण्यासारखं होतं. मी ‘काय, काय’ करत राहते आणि पलीकडचा ओरडतो. टॅबवर लिहायला बसले तर जोडाक्षरांपाशी घोडं अडतं. शिवाय पुलगावच्या शाळेतल्या माझ्या मुलींपैकी मला अजून पत्र लिहिणारी तू एकटीच उरली आहेस. मग पत्रच लिहावं म्हटलं.

तू १४ तारखेच्या जयंतीच्या जेवणासाठी आपल्या ले-आउटची ओपन स्पेस मागितली होतीस ना, त्या अर्जावर रहिवासी मंडळाच्या बैठकीत बरीच कुजबुज झाली. त्यानंतर काल फेसबुकवरच्या ‘रम्यनगर परिवार’ गटात कुणीतरी तुझ्या गृहप्रवेशाचा फोटो टाकला. भंतेजींच्या शेजारी तू आणि तुझी आई उभ्या आहात, तोच. त्याखाली तुमच्याबद्दल लिहिलं आहे. काय लिहिलं आहे ते मी सांगणार नाही. न लिहिण्यासारखं आहे. जातीवरून आहे, तुझ्या आईवरून आहे, आणि असल्यांना प्लॉट विकलाच कसा वगैरे आहे. खाली बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले आहेत. रोज सकाळी फिरायला जाताना ‘नमस्कार बाई’ म्हणणारी माणसं ही.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहिलं. या शनिवारी तू येऊ नकोस. चार दिवसांत सगळं शांत होईल. असल्यांच्या जिभेला हाड नसतं, मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझी,
सुनीतीबाई


हिंगणी,
११ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. तुम्ही कळवलंत, हे मी विसरणार नाही. इतक्या घरांत कुणालाच ते सांगावंसं वाटलं नाही.

मला त्या गटातून अर्ज दिला त्याच संध्याकाळी काढून टाकलं होतं. त्यामुळे मला तिथलं काही दिसत नाही. तिथे आपलं माणूस एकच, तुम्ही. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता सपनाच्या हाती देते आहे. ती आमच्याच शाळेत आहे, रोज वर्ध्याहून जाऊन-येऊन करते.

मी तक्रार करणार आहे. वर्षालीताई म्हणून आमच्या पुलगावच्याच, वर्ध्याच्या कोर्टात वकिली करतात, त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, आधी पुरावा जपा, रडायचं ते नंतर रडा. मी आत्ता ले-आउटमध्ये आले तर गेटवरच कुणाशी तरी तोंडातोंडी होईल, मग ‘दोघांचं भांडण’ म्हणून दोघांनाही समज देऊन पाठवतील. म्हणून मी येत नाही. तुम्हालाच करावं लागेल.

तुम्ही आम्हाला उतारा वाचायला लावायच्या तसं सावकाश करा. ती पोस्ट टॅबवर उघडा. लिहिणाऱ्याच्या नावाखाली तारीख असते, तिच्यावर बोट ठेवलं की ती पोस्ट एकटीच उघडते. वर तिचा पत्ता दिसेल, लिंक म्हणतात ती. इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतील, एकही न गाळता कागदावर उतरवून घ्या. पोस्ट उद्या काढून टाकली तरी ती होती आणि कुठे होती हे शोधायला तोच धागा असतो. मग पूर्ण स्क्रीनचा फोटो घ्या, बाजूचं आणि खालचं बटण एकदम दाबून. नाव, तारीख, मजकूर, खालचे हसरे चेहरे, सगळं त्यात यायला हवं. कापाकापी करायची नाही, खुणा करायच्या नाहीत. काही शोभत नाही असं वाटलं तरी जसं आहे तसंच राहू द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरूनही पाठवू नका, त्यात फोटो लहान होतो आणि त्याच्या पोटातली मूळ माहिती जाते. तो टॅबमध्येच असू द्या. पुढे ज्याच्या यंत्रावर पुरावा घेतला त्याची सही लागते, प्रमाणपत्रावर. ती सही तुमची असेल.

आणि बाई, सगळ्यांत महत्त्वाचं. हे झाल्याशिवाय कुणाशीही बोलू नका. लिहिणाऱ्याशी तर नाहीच. त्याला कुणकुण लागली की तो आधी ती पोस्ट उडवेल.

लिहिणारा कोण, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. घाईत राहिलं असेल. तेवढं कळवा.

तुमची,
काजल


पिपरी मेघे,
१५ एप्रिल २०२५

चि. काजल,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा सणाचा दिवस. तुझ्या बंद दाराकडे बघून वाईट वाटलं. पण आता आनंदाची बातमी ऐक. सगळं निस्तरलं आहे!

तू सांगितलंस तसा फोटो मी घेतला. दोन बटणं एकदम दाबायला माझ्या या बोटांना अख्खी सकाळ लागली. एकदा टॅबच बंद झाला, एकदा माझ्याच नाकाचा फोटो निघाला. पण शेवटी जमलं. मग चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्याचा कागद काढून आणला. दुकानात माणसं उभी होती, त्यांच्यासमोर तो कागद मशीनमधून हळूहळू बाहेर येत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

घरी आल्यावर वाटलं, हा कागद पोलिसांत जाणार, कोर्टात जाणार, दहा पुरुष तो हाताळणार. माझ्या काजलबद्दल, तिच्या आईबद्दल असले शब्द लोकांनी वाचायचे? म्हणून मी त्या शब्दांवर व्हाइटनर लावला. अगदी नीट, बाकीच्या मजकुराला धक्का न लावता. त्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढली आणि पहिला कागद फाडून टाकला. सोबत ती झेरॉक्स पाठवते आहे. टॅबमधलाही फोटो काढून टाकला, कारण माझे फोटो आपोआप हैदराबादला सुमीतच्या घरी दिसतात आणि नात शाल्मली सारखी आजीचे फोटो बघत असते. तिच्या डोळ्यांसमोर ते नको.

आता नाव. वाचून तुला धक्का बसेल, मलाही बसला होता, म्हणूनच आधी लिहिलं नाही. आपला अभिराम. माझा सख्खा पुतण्या, वरच्या मजल्यावर राहतो तोच. मंडळाचा सचिव झाल्यापासून त्याच्या डोक्यात हवा गेली आहे. तू कुणाशी बोलू नकोस म्हणाली होतीस, पण घरातल्या मुलाला घरातच कान धरून विचारायचं नाही तर कुठे? मी त्याला खाली बोलावलं. असा फैलावर घेतला की त्याच्या बायकोनेही जिन्यात उभं राहून ऐकलं. म्हटलं, याच हातांनी तुला बाराखडी शिकवली, ती यासाठी? रडवेला झाला गं. माझ्या पाया पडला. माझ्यासमोर बसून त्याने ती पोस्ट काढून टाकली, मी स्वतः पाहिलं. आता तिथे त्यातलं एक अक्षर उरलेलं नाही.

तो इंग्रजी पत्ताही मी उतरवायला घेतला होता. आगगाडीएवढा लांब होता. पण पोस्टच जाणार म्हटल्यावर पत्ता घेऊन काय करायचं, म्हणून अर्ध्यावर सोडला.

आता पोलीस वगैरे नको. त्याला पश्चात्ताप झालेला आहे. शनिवारी ये, पन्हं करून ठेवते.

तुझी,
सुनीतीबाई


हिंगणी,
१७ एप्रिल २०२५

बाई,
जय भीम.

तुमचं पत्र आणि तो कागद मिळाला. कागद वर्षालीताईंना दाखवला. त्यांनी तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि विचारलं, ‘यात गुन्हा कुठाय?’

बाई, त्या शब्दांवरच तर गुन्हा उभा राहतो. जातीवरून शिवी दिली म्हणून तक्रार करायची तर ती शिवी दाखवावी लागते. तुम्ही बाकीच्या मजकुराला धक्का लावला नाहीत आणि नेमकी शिवी तेवढी पुसलीत. आता त्या कागदावर काय उरलंय? मी आणि माझी आई गेटपाशी उभ्या आहोत, आणि खाली लोक हसताहेत.

तुम्ही माझी अब्रू झाकायला गेलात. ते शब्द माझे नव्हते, बाई. त्यांनी माझी अब्रू जात नव्हती. ज्याने लिहिले त्याची जात होती, ती तुम्ही वाचवलीत.

आईला कागद दाखवला. ती म्हणाली, ‘बाईनं चांगल्या मनानंच केलं असन. पण काऊन पुसलं वं? लिवणाऱ्याले लाज नाई वाटली, तं वाचणारीले काऊन वाटून राह्यली?’ याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर तिला कळवा.

आणि तो पाया पडला, ते तुमच्या. शिवी मला दिली होती. तुम्ही त्याला माफ केलंत, तेही मला न विचारता. तुमच्या घरात बसून, तुमच्या दोघांत, माझं भांडण मिटलं. मला फक्त पन्ह्याचं बोलावणं आलं.

रागाने लिहिते आहे, क्षमा मागत नाही. पण अजून एक वाट आहे. टॅबमधून काढून टाकलेला फोटो लगेच जात नाही. फोटोंच्या जागीच एक कचरापेटी असते, त्यात तो काही दिवस पडून राहतो. आजच उघडून बघा. सापडला तर हात लावू नका, टॅब तसाच बंद करून कपाटात ठेवा, मी वर्षालीताईंना घेऊन येते. टॅब कुणाच्याही हाती देऊ नका. कुणाच्याही म्हणजे कुणाच्याही.

काजल


पिपरी मेघे,
२४ एप्रिल २०२५

चि. काजल,

तुझं पत्र वाचून दोन दिवस अन्न गेलं नाही. एवढं कडू मला माझ्या मुलानेही कधी लिहिलं नाही. असो. मुलींनी बाईंना बोलायचे दिवस आले आहेत.

तू ती कचरापेटी म्हणालीस, ती मी खूप शोधली. फोटोंमध्ये शोधली, सेटिंगमध्ये शोधली. कुठे बोट लागलं कोण जाणे, सगळी अक्षरंच बारीक झाली. चष्मा लावूनही काही दिसेना. सुमीतला व्हिडिओवर विचारलं, तर म्हणाला, आई, इथूनही तो फोटो गेलेला आहे, आणि तू या भानगडीत पडू नकोस. तू कुणाला टॅब देऊ नकोस म्हणाली होतीस ते माझ्या लक्षात होतं. पण मग करायचं काय? घरात त्यातलं कळणारा दुसरा कोण आहे? शेवटी मी अभिरामलाच हाक मारली. कशासाठी ते सांगितलं नाही हं! नुसतं म्हटलं, फोटोंची कचरापेटी उघडून दे. त्याने दोन मिनिटांत उघडून दिली. म्हणाला, ‘काकू, हे बघ, इथं तर काहीच नाही.’ मी पाहिलं, खरंच रिकामी होती.

तू आता काय म्हणशील ते मला माहीत आहे. पण रिकामी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तुला एक सांगू? तू तरुण आहेस, एकटी आहेस, तुझ्या पाठीशी तुझे लोक आहेत. माझं तसं नाही. हे गेल्यापासून मला दवाखान्यात कोण नेतं? सिलिंडर कोण बदलतं? मे महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे, सुमीतला रजा मिळणार नाही. अभिराम वाईट वागला, पण तो माझ्याशी वाईट वागलेला नाही. माणसाला दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

पेरूला फुलं आली आहेत.

तुझी,
सुनीतीबाई


पुलगाव,
२० जून २०२५

आदरणीय बाई,
जय भीम.

सुटीत आईवडिलांकडे आले आहे, म्हणून पत्र इथून. तुमचं ऑपरेशन नीट झालं असं सपनाकडून कळलं. बरं वाटलं.

तुमच्या मागच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण जे सुचत होतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. आता शांत डोक्याने लिहिते.

तक्रारीचा अर्ज मी मे महिन्यातच पोलीस ठाण्यात दिला. साहेबांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. कागद हातात घेऊन म्हणाले, ‘मॅडम, पांढरं कोणी केलं?’ मी म्हटलं, माझ्या बाईंनी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोटं बोलून राह्यली. कंपनीकडून पोस्ट मागवायची तर लिंक लागते, तीही अर्धीच. अभिरामने खातं बंद केलं आहे. त्याचा जबाब असा, की मी असं काही लिहिलंच नाही, तो कागद बनावट आहे, काजल थूलने ओपन स्पेस मिळाली नाही म्हणून रागाने कुभांड रचलं. मंडळाने एक कागद दिला, त्यावर घरोघरच्या सह्या आहेत. अशी कुठलीही पोस्ट आमच्या गटात कधी नव्हती. हसरे चेहरे टाकणारे सगळे त्यात आहेत. मी पाहिलं, तुमची सही त्यात नाही. त्यासाठी मी खरंच तुमची आभारी आहे.

आता प्लॉटचा दलाल वडिलांना दोनदा भेटून गेला. चांगला भाव देतो, वातावरण बिघडलंय, पोरीला कशाला त्रास, म्हणे. आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, ‘घर आमी विकाले नाई बांधलं, भाऊ. राहाले बांधलं.’

बाई, अर्ज निकाली निघाला तर त्याचा अर्थ एवढाच होईल की काजल थूल खोटारडी आहे. मी त्या शिक्क्यासकट त्या घरात राहायचं, किंवा विकून जायचं. तिसरं काही उरत नाही.

वर्षालीताई म्हणाल्या, पुरावा यंत्रात नसला तरी माणसात असू शकतो. तुम्ही ती पोस्ट वाचली. ज्याने लिहिली त्याने तुमच्यासमोर कबूल केलं, तुमच्यासमोर काढली. तुम्ही एक निवेदन लिहून द्या. काय पाहिलं, कधी पाहिलं, कुणाच्या नावाने होतं, आणि त्यात नेमके कोणते शब्द होते. सौम्य करून नाही, सुचवून नाही. होते तसे, अक्षर न अक्षर. साहेब म्हणाले, तुमच्यासारख्या बाईंनी असं लिहून दिलं तर मी पुढे जाऊ शकतो.

मला ठाऊक आहे तुमच्यासाठी हे किती अवघड आहे. त्यांच्याबरोबर एका घरात राहून त्यांच्याविरुद्ध लिहायचं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. पण मग स्पष्ट नाही म्हणा.

तुमची,
काजल


पिपरी मेघे,
१२ जुलै २०२५

चि. काजल,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. डोळ्यात थेंब घालायचे होते, लिहायला-वाचायला बंदी होती. हे खरं कारण आहे आणि खोटंही आहे. बंदी उठून बरेच दिवस झाले.

अभिराम मला ऑपरेशनला घेऊन गेला. रात्रभर बाकड्यावर बसून होता. सकाळी पट्टी काढली तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो त्याचाच चेहरा. म्हणाला, ‘काकू, दिसून राह्यलं ना नीट?’ अगदी लहानपणी विचारायचा तसं. मला त्याच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडे बघायलाही कुणी नव्हतं.

तुझ्या निवेदनाला मी अनेकदा बसले. तारीख लिहिली, नाव लिहिलं. त्या शब्दांपाशी आले की पेन पुढे सरकत नाही. तुला वाटेल, बाईंना आठवत नसेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं! देवापुढे दिवा लावताना मला ते आठवतात. तुझ्या घराच्या गेटकडे पाहिलं की आठवतात. तुझ्या आईबद्दल जे लिहिलं होतं ते तर... जाऊ दे.

पण ते माझ्या हातून कागदावर आले तर कागद माझा होतो गं. मग हरिभाऊ भावजी, म्हणजे अभिरामचे वडील, या घरात पाय ठेवणार नाहीत. पोराला अटक होईल, त्याची नोकरी जाईल. त्याची बायको पोटुशी आहे. आणि मी मेले तर सुमीत विमानाने येईपर्यंत माझ्याजवळ बसणारं कोण असेल? तू बसशील? बसशीलही. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण तू दारात आलीस तर हे लोक तुला आत येऊ देतील का, हेही मला माहीत आहे.

निवेदन सोबत जोडलं आहे. त्यात मी लिहिलं आहे की ‘काजल थूल यांच्याविषयी काही अनुचित मजकूर गटात आला होता, असे मला आठवते. तो कोणी लिहिला व त्यातील नेमके शब्द कोणते, हे वयोमानामुळे आता स्मरत नाही.’ यात मी तुला खोटारडी ठरवलेलं नाही. मजकूर होता, हे मान्य केलं आहे. मला एवढंच शक्य आहे. रागावू नकोस.

तुझी,
सुनीतीबाई


हिंगणी,
१७ ऑगस्ट २०२५

सुनीतीबाई,
जय भीम.

अर्ज निकाली निघाला. पुराव्याअभावी.

तुमचं निवेदन मी दाखल केलं. ते वाचून साहेब म्हणाले, स्मरत नाही म्हणणाऱ्या साक्षीदाराचं मी काय करू? तेव्हा वर्षालीताईंनी तुमची सगळी पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. मी नको म्हणत होते, पत्रं आपल्या दोघींची होती. पण त्या म्हणाल्या, बाईंच्याच हातचं आहे, त्यांना सगळं स्मरतं हे यात दिसतं. साहेबांनी पत्रं वाचली. नीट वाचली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मग विचारलं, ‘यात ते शब्द कुठे आहेत?’

मी तिथेच बसून पुन्हा शोधले. पहिल्या पत्रात ‘न लिहिण्यासारखं’ आहे. पुढच्यात ‘असले शब्द’ आहे. शेवटच्यात ‘ते आठवतात’ आहे, आणि आईबद्दल लिहायला घेऊन तुम्ही तीन टिंबं दिली आहेत. ज्याने लिहिलं त्याचं नाव आहे, त्याची बायको आहे, त्याने बाकड्यावर काढलेली रात्र आहे. शब्द एकाही पत्रात नाही. वर्षालीताई म्हणाल्या, मग बाईंनाच बोलावून विचारा. साहेबांनी तुम्हाला बोलावलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे तुम्ही काय सांगितलंत, तेही मला कळलं. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर अभिराम बसला होता, हेही कळलं.

मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. तुम्ही माझं झाड जगवलंत, मला बातमी दिलीत, मंडळाच्या कागदावर सही केली नाहीत. तुम्ही माझ्यासाठी सगळं केलंत, जे करायला हवं होतं ते सोडून. तुम्हाला मी हवी आहे, पण त्यासाठी कुणी तुमच्यावर रागावलेलं तुम्हाला चालत नाही. अशा प्रेमाचं काय करायचं ते मला कळत नाही.

बाबा म्हणत होते, विकून टाकू. आई नाही म्हणाली. मीही नाही म्हणाले. पुढच्या शनिवारी मी रम्यनगरला येते आहे, आईबाबांना घेऊन, कायमची. हिंगणीची खोली सोडली, रोज बसने जाऊन-येऊन करीन. दारावर पाटी लावणार आहे, थूल अशी, रस्त्यावरून दिसेल एवढी. तुम्ही कंपाउंडवरून हाक माराल. मी ओ देईन, तुम्ही माझ्या बाई आहात.

पण त्याआधी मला तुम्हाला एक विचारायचं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. मी ती पोस्ट वाचलेलीच नाही. मला आधीच काढून टाकलं होतं, आणि नंतर ती तुम्ही पुसलीत. त्या ले-आउटमधल्या प्रत्येक घराला माहीत आहे की काजल थूलला आणि तिच्या आईला काय म्हटलं होतं. दूधवाल्यालाही माहीत असेल. माहीत नाही ते फक्त आम्हा दोघींना. आम्ही रोज त्या रस्त्याने जाणार, आणि समोरचा माणूस आमच्याकडे बघून मनात कोणता शब्द उच्चारतो आहे, हे आम्हाला ठाऊक नसणार.

आता केस संपली. अटक होणार नाही, नोकरी जाणार नाही, हरिभाऊ तुमच्याकडे येत राहतील. तुम्ही सांगितलंत तरी कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. कागदावर लिहू नका, आता कागद नकोच आहे. मी शनिवारी सामान उतरवून तुमच्या दाराशी येईन. आईही सोबत असेल. आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघून सांगा, काय लिहिलं होतं.

तेव्हा तरी स्मरत नाही म्हणू नका.

काजल थूल